सत्तेचाळिसाव्या वर्षातली सहल

अजिंठ्याला मी एकतीस वर्षं गाईड होतो. या काळात सगळ्यांत जास्त वेळा कोणतं वाक्य बोललो असेन, तर ते हे: "भिंतीला हात लावू नका, आणि कुठंही नाव लिहू नका." मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, आणि जपानी पाहुण्यांपुरतं जपानीतही. शाळांच्या सहली आल्या की मी पोरांच्या मुठी उघडून बघायचो. खिळा, कर्कटक, किल्ली, जे सापडेल ते काढून मास्तरांच्या हवाली करायचो. एकदा दहाव्या लेण्यात एका पोराच्या हातातलं कर्कटक मी इतक्या जोरात ओढलं की त्याचं बोट कापलं. बोट मीच बांधलं, पण कर्कटक परत दिलं नाही.

मुलगी दुबईत नोकरी करते. मी काम थांबवल्यावर तिनं हट्टानं कैरोची तिकिटं काढली आणि एका दिवसाची सहल ठरवली. सकाळी सक्कारा, मग मेंफिस, जेवण, दुपारी गिझा. गाडी, ड्रायव्हर आणि एक गाईडबाई. आयुष्यभर मी पुढे चाललो आणि लोक माझ्यामागे चालले. त्या दिवशी पहिल्यांदा मी मागे होतो.

बाई पस्तिशीच्या, गिझाच्याच राहणाऱ्या, इजिप्तविद्येची पदवी घेतलेल्या. मुलीनं गाडीत बसल्या बसल्या माझा धंदा सांगून टाकला, तेव्हा त्या मागे वळून हसल्या आणि म्हणाल्या, मग तुम्हाला राजांच्या वंशावळी नकोत. त्यांच्याकडून कळलं की आज तिकडे गाईडला 'मुर्शिद' म्हणतात, पण जुना शब्द 'तर्जुमान'. म्हणजे दुभाष्या. आपण मराठीत तर्जुमा म्हणतो तो याच घराण्यातला. पूर्वी युरोपातून येणारा प्रत्येक प्रवासी कैरोत उतरला की आधी तर्जुमान ठरवायचा, आणि गाढवं, होडी, तंबू, स्वयंपाकी, सगळं त्याच्यावर सोपवायचा.

कैरोतून दक्षिणेला सक्कारा साधारण तीस किलोमीटर. कालव्याच्या कडेनं रस्ता जातो. दोन्ही बाजूंना खजुरीची झाडं, गाढवगाड्या, बर्सिमचा हिरवा चारा, मध्येच गालिचे विणण्याचे कारखाने. मग एका चढाला हिरवं संपतं आणि वाळू सुरू होते. मध्ये काही नाही. एक पाय शेतात आणि दुसरा वाळवंटात ठेवून उभं राहता येईल अशी ती रेघ आहे. जुने इजिप्शियन लोक जिवंतपणी हिरव्यात राहायचे आणि मेल्यावर या रेघेच्या पलीकडे, पश्चिमेला, सूर्य मावळतो त्या बाजूला जायचे.

जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड तिथंच आहे. इ.स.पू. २६५०च्या सुमाराचा, सहा टप्प्यांचा, साठेक मीटर उंच. माणसानं दगडात बांधलेली इतकी मोठी इमारत त्याआधी जगात नव्हती. भोवती साडेदहा मीटर उंचीची तटबंदी होती. तिच्यात पंधरा दरवाजे दिसतात, पण त्यातले चौदा नुसते दगडात कोरलेले आहेत. खरा एकच. त्यातून आत शिरलं की खांबांची अरुंद वाट लागते, आणि इथं मी बाईंच्या आधी बोललो. ते खांब बोरूच्या जुड्या बांधाव्यात तसे कोरलेले आहेत आणि प्रत्येक खांब मागच्या भिंतीला चिकटलेला आहे. एकटा उभा केला तर दगड पेलेल का, याची त्या लोकांना खात्री नव्हती. बांधकामाची सवय बोरूची, लाकडाची, कच्च्या विटांची, आणि हातात आलेला दगड. आमच्याकडच्या लेण्यांत कातळात लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरलेल्या आहेत, त्या मी हजारो लोकांना दाखवल्या होत्या. नवा माल हातात आला तरी कारागिराचा हात जुन्याच मालाची नक्कल करत राहतो. हे मला त्या वाटेत कुणी सांगावं लागलं नाही.

हे सगळं बांधणारा इम्होतेप. १९२६ साली प्रवेशद्वाराजवळ जोसेरच्या पुतळ्याचा फक्त पायथा सापडला, त्यावर राजाच्या नावासोबत या चाकराचं नाव आणि त्याचे हुद्दे कोरलेले होते. राजाच्या पुतळ्यावर चाकराचं नाव असणं ही साधी गोष्ट नाही. त्याच वर्षी जाँ-फिलिप लॉएर नावाचा एक तरुण फ्रेंच वास्तुविशारद इथं थोड्या दिवसांसाठी आला आणि पुढची जवळजवळ पाऊणशे वर्षं विखुरलेले दगड जुळवत राहिला. २००१ साली तो गेला, नव्याण्णव वर्षांचा होऊन. खांबांची ती वाट आज उभी दिसते ती त्याच्यामुळे.

पिरॅमिडच्या अंगणात दक्षिणगृह आणि उत्तरगृह अशा दोन वास्तू आहेत. बाई दक्षिणगृहाच्या दारात थांबल्या. आत भिंतीला काच लावलेली होती. "वाका," त्या म्हणाल्या, "हे माझ्या मते इथलं सगळ्यांत मोलाचं लिखाण."

काचेमागे चुनखडीवर काळ्या शाईच्या तिरक्या, घाईच्या ओळी होत्या. कोरीव चित्रलिपी नव्हे, कचेरीत वापरायची हायराटिक लिपी. लिहिणारे ना राजे ना पुरोहित. सहलीला आलेल्या कारकुनांनी भिंतीवर नावं लिहून ठेवली होती.

मी गप्प झालो.

याच आवारातल्या एका लेखाचा मजकूर बाईंनी सांगितला. रामसेस दुसरा याच्या कारकिर्दीचं सत्तेचाळिसावं वर्ष, हिवाळ्याचा दुसरा महिना, पंचविसावा दिवस. खजिन्याचा लेखनिक हदनख्त हा मेंफिसच्या पश्चिमेला फेरफटका मारायला, मन रमवायला आला आहे. सोबत त्याचा भाऊ पनख्ती, तोही लेखनिक, वजिराच्या पदरी. पुढे त्यानं पश्चिमेच्या देवांकडे मागणं मागितलंय: पुरतं आयुष्य मिळू दे, सेवा घडू दे, आणि म्हातारपण सुखाचं होऊन नीट दफन होऊ दे. रामसेसचं सत्तेचाळिसावं वर्ष म्हणजे इ.स.पू. १२३०च्या आसपास. आपल्यापासून सव्वातीन हजार वर्षं मागे. पण जोसेरचा पिरॅमिड त्या दोघा भावांना तेव्हाच चौदाशे वर्षांचा जुना होता. अजिंठ्याची शेवटची लेणी आपल्याला जितकी जुनी, थोडाफार तितकाच. ते तिथं आले ते आपण येतो तसेच, कामाच्या रगाड्यातून एक दिवस काढून जुनं काही बघायला.

दोघे भाऊ, या गोष्टीनं मी अडखळलो. लेण्यांजवळच्या आमच्या फर्दापूरला औरंगजेबाच्या काळातली मोठी सराई आहे. मी सात वर्षांचा असताना दादानं तिथल्या एका कमानीच्या गिलाव्यावर खिळ्यानं आमची दोघांची नावं कोरली होती. आधी माझं, मग त्याचं. हे मी मुलीला कधी सांगितलं नव्हतं. तिथंही सांगितलं नाही.

आता त्या कारकुनांच्या लिहिण्याचं मोल ऐका. जोसेरच्या स्वतःच्या काळातल्या कोणत्याही दगडावर 'जोसेर' हे नाव येत नाही. तिथं त्याचं नाव 'नेचेरीखेत' असं आहे. हा नेचेरीखेत म्हणजेच पुढच्या राजावळ्यांतला जोसेर, हे ज्या पुराव्यांनी जुळलं त्यांत या सहलकरी कारकुनांचे लेख आहेत. आपण कुणाची वास्तू बघायला आलो हे त्यांनी नाव घेऊन लिहिलं होतं. एकानं तर जोसेरला दगड उघडणारा अशा अर्थाची उपाधी दिली आहे. म्हणजे दगडी बांधकाम इथून सुरू झालं हे त्यांना ठाऊक होतं. पुजारी आणि दरबारी जे सांगून गेले नाहीत ते भिंत खराब करणाऱ्यांनी सांगितलं.

अशी लिहिणारी माणसं एकदोन नव्हती. दक्षिणेला मैदूमला स्नेफ्रू राजाच्या पिरॅमिडपाशी तिसऱ्या थुतमोसच्या एकेचाळिसाव्या वर्षी आलेल्या लेखनिकाचा लेख आहे, तो हदनख्तच्याही दोनशे वर्षं आधीचा. या लेखांचा एक साचाच ठरून गेला होता: अमुक लेखनिक अमक्याचं देऊळ बघायला आला, आणि आत जणू आभाळच उतरलंय असं त्याला वाटलं. आमच्या अभिप्रायाच्या वहीत 'अप्रतिम, पुन्हा येऊ' लिहितात, त्याच जातीचं. मला तो साचा आवडला. माणूस भारावतो तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचे शब्द नसतात, पण भारावणं खरं असतं.

आणि मग बाईंनी मला माझा माणूस भेटवला. जोसेरच्या आवारातच आणखी एका लेखनिकाचा लेख आहे. तो आला आणि आधीच्या लोकांचं भिंतीवरचं लिखाण बघून संतापला. यांना लिहिता येत नाही, यांची अक्षरं बघून माझं मन आजारी पडलं, यांना आत शिरण्यापूर्वीच कुणी अडवायला हवं होतं, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलं. भिंतीवरच. मला त्याचा राग पुरता समजतो. एकतीस वर्षं तो माझ्या घशात होता. त्याची तक्रार अशुद्ध लिहिण्याबद्दल होती, माझी लिहिण्याबद्दलच. तरी दोघांनाही एकच वाटलं होतं: ही जागा जपायला हवी आणि बाकीच्यांना त्याचं काही नाही.

तिथून आम्ही एका वजिराच्या कबरीत गेलो. अशा कबरीला 'मस्तबा' म्हणतात, अरबीत त्याचा अर्थ ओटा. मेरेरुकाच्या या मस्तब्यात तीसहून जास्त खोल्या आहेत आणि भिंतींवर मासेमारी, गुरं, सोनार, कर थकवलेल्या पाटलांना चाललेली मारहाण. बाहेरच्या दाराशी एक म्हातारा पहारेकरी बसला होता. त्यानं आम्हाला बघून चंदेरी कागद चिकटवलेली एक फळी उचलली, उन्हात धरली आणि उजेडाचा एक तुकडा आत टाकला. कवडसा भिंतीवरून सरकत एका बैलाच्या डोळ्यावर थांबला. मला तिथं भरून आलं. लेण्यांत विजेची सोय धड नव्हती तेव्हा आम्हीही असेच पत्रे आणि आरसे उन्हात धरून, आत पांढरं कापड लावून चित्रं दाखवायचो. आमच्यातला एक जण उन्हाच्या चालीप्रमाणे पत्रा असा फिरवायचा की अवलोकितेश्वराचा चेहरा हळूहळू उजळायचा. मी त्या म्हाताऱ्याच्या हातातून फळी मागून घेतली. त्यानं क्षणभर बघितलं आणि दिली. कवडसा मी बैलावरून खाली गुराख्याच्या हातावर आणला. तो "बाशा!" म्हणून हसला. बक्षीस मागितलं नाही, पण मी दिलं. बक्षीस हा शब्द तिकडेही तोच आहे.

युनास राजाचा छोटा, ढासळलेला पिरॅमिड जवळच आहे. त्याच्या दक्षिण अंगावर मोठ्या अक्षरांचा एक लेख दिसतो. तो रामसेस दुसरा याचा मुलगा खएमवासेत याचा. मेंफिसच्या प्ताह देवळाचा हा मुख्य पुरोहित जुन्या राजांच्या पडक्या वास्तू हिंडून बघायचा, डागडुजी करायचा, आणि ही कुणाची हे विसरलं जाऊ नये म्हणून नाव कोरून घ्यायचा. सोबत स्वतःचंही. हदनख्त शाई घेऊन आला त्याच पिढीतला हा राजपुत्र छिन्नी घेऊन आला. एकाला आपण जीर्णोद्धार म्हणतो आणि दुसऱ्याला विद्रूप करणं. फरक कुठं करायचा ते मी त्या दिवसापर्यंत ठामपणे सांगू शकत होतो.

उत्तरेकडे सेरापियम आहे, देव मानलेल्या आपिस बैलांची भुयारी कबर. ती पुन्हा सापडली ती एका प्रवाशाच्या टिपणामुळे. स्ट्रॅबो हा ग्रीक भूगोलकार इ.स.पू. २५च्या सुमारास इथं येऊन गेला आणि वाळूत अर्धवट गाडल्या गेलेल्या स्फिंक्सच्या ओळीबद्दल त्यानं लिहून ठेवलं. १८५० साली ओग्यूस्त मारिएत जुनी कॉप्टिक हस्तलिखितं विकत घ्यायला फ्रान्सहून आला होता. सक्काऱ्याच्या वाळूतून वर आलेलं एक दगडी डोकं त्याला दिसलं आणि स्ट्रॅबो आठवला. हस्तलिखितांचे पैसे त्यानं खोदण्यात घातले. वर्षभरानं तो बैलांच्या कबरीत उतरला. अठराशे वर्षांपूर्वीच्या एका सहलकऱ्याच्या बारीक नजरेवर विश्वास टाकला म्हणून.

मेंफिसला फार वेळ गेला नाही. इजिप्तची पहिली राजधानी आता मीत रहीना गावाच्या खजुरीच्या बागेत विरून गेली आहे. एका इमारतीत रामसेस दुसरा याचा चुनखडीचा प्रचंड पुतळा उताणा पडलेला आहे, पाय तुटलेले. वरच्या सज्जातून त्याचा चेहरा बघताना ओठांची कड इतकी कोवळी दिसते की पाथरवटाला हात जोडावेसे वाटतात.

जेवणात भात, भाजलेली कोंबडी आणि वांग्याचं काही तरी. जेवताना मी बाईंना विचारलं, की तुमच्या धंद्यात थापा कोण कोण मारून गेले? त्यांनी हेरोडोटसपासून सुरुवात केली.

हेरोडोटस इ.स.पू. पाचव्या शतकात गिझाला आला. त्याच्या दुभाष्यानं त्याला पिरॅमिडवरचा एक लेख 'वाचून' दाखवला: मजुरांना खाऊ घातलेल्या मुळा, कांदा आणि लसणावर सोळाशे टॅलंट चांदी खर्च झाली. एक लाख माणसं तीन-तीन महिन्यांच्या पाळीनं, वीस वर्षं, हेही त्यानंच टिपलं. राबवलेल्या गुलामांची जी प्रतिमा आज जगभर आहे तिचं बी यातच आहे. खरं काय होतं ते कळायला १९९० साल उजाडावं लागलं. गिझाच्या दक्षिणेला एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि कामगारांच्या कबरी सापडल्या, पिरॅमिडच्या सावलीत, भाकरी-बिअरच्या भांड्यांसकट सन्मानानं पुरलेल्यांच्या. जवळच त्यांची वसाहत, बेकऱ्या, गुरांची हाडं. आज अभ्यासक वीस-पंचवीस हजार माणसांचा अंदाज करतात.

स्ट्रॅबोला दाखवली ती दगडाच्या ढलप्यांत सापडणारी मसुरीसारख्या चकत्यांची रास. मजुरांच्या जेवणाचं उरलेलं अन्न दगड होऊन पडलंय, असं त्याला सांगितलं गेलं. स्ट्रॅबोनं मानलं नाही. असे दगड माझ्या गावाकडेही आहेत, असं त्यानं लिहिलं. त्या चकत्या म्हणजे चुनखडीतले न्युम्युलाइट, समुद्री जीवांचे जीवाश्म. गिझाला बाईंनी एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला तेव्हा तो खरोखर मसुरीच्या डाळीसारखा दिसला.

त्या दुभाष्यांना मी हसू शकत नाही. पहिल्या वर्षी मीही पाहुण्यांना सांगायचो की अजिंठ्याच्या रंगांत मोती कुटून घातलेत. मला शिकवणारे तसंच सांगायचे. मग पुरातत्त्व खात्याच्या रसायन विभागातल्या एका साहेबांनी मला पायरीवर बसवून गेरू, काजळी, चुना, हिरवी माती, लाजवर्द, एकेक समजावलं. त्या रात्री मला झोप आली नाही. वर्षभर किती लोकांनी माझे मोती घरी नेले असतील. गाईडचं एक चुकीचं वाक्य परत घेता येत नाही. हेरोडोटसच्या दुभाष्याचं अडीच हजार वर्षं फिरतंय.

गिझा दुपारी. फोटोंत वाळवंट दिसतं, पण शहर अगदी पायथ्याशी येऊन भिडलेलं आहे. नझलेत अस-सम्मान नावाची वस्ती स्फिंक्सच्या समोरच, उंट-घोडेवाल्यांची आणि गाईडांची. प्लिनी या रोमन लेखकानं पहिल्या शतकात पिरॅमिडजवळच्या बुसिरिस गावातल्या, पिरॅमिडवर चढण्यात तरबेज असलेल्या लोकांची नोंद केली आहे. म्हणजे पाहुण्यांसमोर चढून दाखवायचा धंदा तेव्हापासूनचा. १८६७ साली मार्क ट्वेन आला तेव्हा माणसांनी त्याला खेचत वर नेलं, आणि त्यांच्यातला एक जण एका डॉलरसाठी खुफू राजाच्या पिरॅमिडवरून उतरून शेजारचा खाफ्रे राजाचा चढून नऊ मिनिटांत परत यायला तयार झाला, असं ट्वेननं लिहिलंय. ट्वेनला त्यांचा जाच झाला, हे वाचणाऱ्याला कळतं. मला त्या नऊ मिनिटांत त्या माणसाच्या गुडघ्यांचं काय झालं असेल ते दिसतं.

१८६९ साल या धंद्याचं उलथापालथीचं. सहली काढणाऱ्या थॉमस कुकनं आपली पहिली टोळी त्याच वर्षी नाईलवर आणली, आणि नोव्हेंबरात सुएझ कालवा खुला झाला. त्या सोहळ्याला आलेल्या फ्रान्सच्या सम्राज्ञी युजेनीसाठी खेदिव्ह इस्माईलनं कैरोपासून पिरॅमिडपर्यंत सरळ रस्ता बांधला. त्याआधी नदी होडीनं ओलांडायची, मग गाढवावर बसायचं, पुराच्या दिवसांत आणखी वळसा घालायचा. रस्त्यानंतर ती सकाळी जाऊन दुपारी परत येण्याची सहल झाली. आमची गाडी ज्या गर्दीत तासभर अडकली तो अल-हरम रस्ता तोच.

खुफूच्या पिरॅमिडपुढे उभं राहिलं की आकडे मदत करत नाहीत. २३० मीटरची बाजू, मूळची १४६ मीटरहून जास्त उंची, तेवीस लाखांच्या आसपास दगड. मी एका दगडाला टेकून उभा राहिलो, तो माझ्या छातीपर्यंत आला. आत शिरण्याची वाट खलिफा अल-मामूननं ८३२ साली फोडली असं सांगतात. तिच्यावर मूळ प्रवेशाची दगडी कमान दिसते, आणि कमानीच्या एका दगडावर चित्रलिपीचा सुबक लेख. मुलीनं फोटो काढला. बाई म्हणाल्या, हा १८४२चा आहे. प्रशियाचा अभ्यासक लेप्सियस यानं आपल्या राजाच्या वाढदिवसानिमित्त, १५ ऑक्टोबरला, शुद्ध इजिप्शियन लिपीत कोरवून घेतला. इतका मोठा विद्वान. माझ्या कर्कटकवाल्या पोरापेक्षा त्याला काय जास्त कळत होतं, आणि काय कमी, हे मी वाकून चढताना मनात घोळवत होतो.

आतली चढण साधारण चाळीस मीटर, कंबरेत वाकून. मग एकदम छत सुटतं आणि साडेआठ मीटर उंचीचं भव्य दालन वर वर जातं, दोन्ही भिंती दगडाच्या थरागणिक आत सरकत. शेवटी राजाची खोली. लाल ग्रॅनाइटची, आठशे किलोमीटरवरच्या आस्वानहून आणलेल्या दगडांची. एक झाकण नसलेली शवपेटी. भिंती पूर्ण कोऱ्या. इतक्या प्रचंड कबरीच्या आत राजाचं नाव कुठंही कोरलेलं नाही.

ते आहे, पण या खोलीच्या डोक्यावर, भार पेलण्यासाठी ठेवलेल्या पाच बुटक्या पोकळ्यांत. १८३७ साली इंग्रज कर्नल व्हाइस यानं सुरुंगाची दारू लावून वरच्या चार पोकळ्यांची वाट फोडली, तेव्हा ओबडधोबड दगडांवर तांबड्या रंगाचे फराटे दिसले. दगड ओढणाऱ्या टोळ्यांच्या खुणा. त्यात टोळीचं नाव, 'खुफूचे सोबती' अशा अर्थाचं. गिझाच्याच मेनकाउरे राजाच्या पिरॅमिडवर काम करणाऱ्या एका टोळीचं नाव 'मेनकाउरेचे मद्यपी' होतं. कुणी बघणार नाही अशा जागी, उलटसुलट बसलेल्या दगडांवर मजुरांनी हे रंगवलं. खुफूचं नाव त्याच्या पिरॅमिडच्या आत आज आहे ते या फराट्यांत. त्या पोकळ्या पाहुण्यांना बघता येत नाहीत. मी त्या छताकडे मान वर करून बराच वेळ उभा राहिलो, मागचे लोक खोकायला लागेपर्यंत.

बाहेर आल्यावर बाईंनी खाफ्रेच्या पिरॅमिडच्या आतला एक फोटो दाखवला. भिंतभर मोठ्या काळ्या अक्षरांत इटालियनमध्ये बेल्झोनीचं नाव, २ मार्च १८१८. पादुआचा हा उंचपुरा माणूस, पूर्वी इंग्लंडात ताकदीचे खेळ करून दाखवायचा. आपणच आधुनिक काळात पहिले आत आलो असं त्याला वाटलं, पण त्याच खोलीत त्याला कोळशानं लिहिलेली अरबी ओळही सापडली: मोहम्मद अहमद नावाच्या एका पाथरवटानं हे उघडलं, अशी. पाथरवटाचं नाव कुणी सांगत नाही. मी बाईंना माझ्या फोनमधला फोटो दाखवला. अजिंठ्याचं दहावं लेणं, जुन्या चित्रांवर खरवडलेलं जॉन स्मिथचं नाव, २८ एप्रिल १८१९. मद्रास पलटणीचा कॅप्टन, वाघाच्या शिकारीला निघालेला. लेणं तेव्हा मातीनं अर्धं भरलेलं, त्यावर उभं राहून त्यानं कोरलं, म्हणून आज ते डोक्याच्या वर दिसतं. बेल्झोनी आणि स्मिथ यांच्यात चौदा महिन्यांचं अंतर. बाई आणि मी दोघंही बराच वेळ एकमेकांचे फोन धरून होतो.

मग त्यांनी तेरेन्शियाचं सांगितलं.

खुफूच्या पिरॅमिडवर पूर्वी तूरा इथल्या पांढऱ्याशुभ्र चुनखडीचं गुळगुळीत आवरण होतं. त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी शतकानुशतकं इतकं लिहिलं होतं, की ११९०च्या दशकात कैरोत राहिलेला अब्दुल लतीफ अल-बगदादी लिहितो, ते उतरवून घेतलं तर दहा हजार पानं भरतील. त्याच काळात, ११९६ साली, सुलतान अल-अझीझ उस्मान यानं मेनकाउरेचा पिरॅमिड पाडायला माणसं लावली. आठ महिने खपून एक खिंडार पडलं, ते अजून दिसतं. १३०३च्या भूकंपानंतर मोठ्या पिरॅमिडचं आवरण सुटत गेलं आणि लोकांनी ते दगड कैरोच्या बांधकामांना नेले. ती दहा हजार पानं त्यांच्याबरोबर गेली. त्यातल्या सहा ओळी वाचल्या, कारण आवरण शाबूत असताना, चौदाव्या शतकात, यरुशलेमच्या यात्रेला निघालेल्या विल्हेल्म फॉन बोल्डेन्सेले या जर्मन साधूनं त्या उतरवून घेतल्या. लॅटिन पद्य. लिहिणारी रोमन बाई तेरेन्शिया, दुसऱ्या शतकातली. तिचा भाऊ तिशी गाठण्याआधी कौन्सल झालेला, ट्रॅजन बादशहाच्या सोबतचा. तो आता नव्हता. ती त्याच्याविना पिरॅमिड बघायला आली, आणि तिथं त्याची आठवण अनावर होऊन तिनं त्याचं नाव पिरॅमिडवर घातलं.

मी एकोणीस वर्षांचा असताना दादा गेला. त्यानंतर सराईत जाऊन मी ती कमान शोधली होती. आदल्या पावसाळ्यात गिलावा पडून गेला होता. खालच्या मातीत बसून मी ढलपे उलटे-सुलटे करत राहिलो. अक्षर असलेला एकही सापडला नाही. दोन वर्षांनी मी लेण्यांवर कामाला लागलो. नाव कोरणाऱ्यांवर माझ्याइतकं कुणी ओरडत नसे, हे सगळ्या गाईडांना माहीत होतं. त्यांना कारण माहीत नव्हतं. हे मी गिझाच्या पठारावर, मुलीला आणि त्या परक्या बाईला, तुटक हिंदी-इंग्रजीत सांगून टाकलं. मुलगी माझ्याजवळ सरकली. बाईंनी काही विचारलं नाही.

उन्हं कलली होती. खाफ्रेच्या टोकावर उरलेलं आवरण तेवढं पिवळं पडलं होतं. मी विचारलं, तेरेन्शियाचा दगड आता कुठं असेल? बाईंनी पूर्वेकडे हात केला. धुरळ्यात कैरो होतं, त्यात मिनार, त्यापलीकडे किल्ल्याची टेकडी. तिकडे, त्या म्हणाल्या. कुठल्या तरी भिंतीत. लिहिलेली बाजू आत आहे की बाहेर, तेवढं कुणाला सांगता येणार नाही.

मी त्या दिशेला बघत उभा होतो तोवर खालून पहारेकऱ्यांच्या शिट्ट्या सुरू झाल्या, जागा बंद करण्याच्या. माझे पाय आपोआप वळले. साडेपाचला आमच्याकडेही तशाच वाजतात, आणि एकतीस वर्षं शेवटचा माणूस बाहेर काढून मग मी निघत असे.